यॉर्कशरचं खमीर, लष्करचा उन्हाळा

सरकारी सही येईपर्यंत एखाद्या जिवाने थांबायचं कसं, हे तुम्हांला कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? माणसाचं विचारत नाही. माणसं थांबतात, राजाच्या दारात थांबत होती, आता कचेरीच्या दारात थांबतात. मी विचारते आहे ते बरणीत मावेल एवढ्या एका फेसाळ, बदामी चिखलाबद्दल. त्याला दर दोन-चार दिवसांनी खायला लागतं, ऊन सोसत नाही आणि फाइल म्हणजे काय ते कळत नाही. त्या चिखलावर माझ्या काकांचं सगळं काम उभं होतं. त्याला मध्यभारताचा पहिला उन्हाळा कसा काढावा लागला, ते सांगते.

आमचं घर ग्वाल्हेरात, लष्कर नावाच्या भागात, नया बाजारात. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. तलवारी गेल्या, घरातली पुरुषमाणसं मिळेल त्या कामाला लागली. वडील शाळेत मास्तर झाले. धाकटे काका बिअरच्या कारखान्यात गेले. वडिलांच्या पिशवीतून रोज पत्रकं यायची, पिवळी, गुलाबी, हाताला शाई लागणारी. जबाबदार राज्यपद्धती, शेतसारा, खादी, दारूबंदी. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. इतर मुली भातुकलीत स्वयंपाक करायच्या तेव्हा मी बाहुल्यांपुढे शेतसाऱ्यावर भाषण करत होते. काकूला त्याची काळजी वाटायची. काकांना गंमत वाटायची. ते मला 'पुढारीबाई' म्हणत आणि मी चिडले की आणखी म्हणत.

दोघे भाऊ एकाच पंगतीला जेवत. एकाने दुपारी दारूबंदीचं पत्रक वाटलेलं असायचं, दुसऱ्याच्या सदऱ्याला भिजल्या जवाचा वास असायचा. त्यावरून घरात भांडण झालेलं मला आठवत नाही. एकदा मीच काकांना विचारलं, "तुम्हांला लाज वाटत नाही?"

काकांनी आमटी ओरपली. म्हणाले, "वाटते ना. यंदाच्या मालाने फेस नीट धरला नाही, त्याची वाटून राहिली आहे."

वडील हसले. मी हसले नाही. मी दारूबंदीच्या बाजूची होते आणि आजही आहे, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायचा नाही.

काकांना काम शिकवलं ते एका इंग्रजाने. त्याला सगळे नुसतं साहेब म्हणत. तो इंग्लंडच्या उत्तरेकडचा, यॉर्कशर नावाच्या भागातला. काकांनी समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता, पण यॉर्कशरबद्दल ते असे बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं आजोळ तिकडेच आहे. तिकडे लोकर पिंजणारे आणि कोळसा खणणारे लोक संध्याकाळी कामावरून सुटले की बिअर पितात. दक्षिणेकडच्या इंग्रजांना पातळ फेस चालतो. यॉर्कशरच्या माणसाला पेल्यावर दुधाच्या सायीसारखा जाड थर लागतो, नाहीतर तो पेला परत पाठवतो. आणि तिथली खास गोष्ट म्हणजे बिअर लाकडाच्या पिंपात आंबवत नाहीत, दगडाच्या हौदात आंबवतात. हौद चौकोनी, दुमजली. खालच्या मजल्यात जवाचं पाणी, मध्ये दगडाचं छत, छताला मधोमध माणूस शिरेल एवढं भोक. आंबायला लागलं की खमीर, म्हणजे आंबवणारा तोच बदामी चिखल, त्या भोकातून वर चढतं आणि वरच्या मजल्यावर पसरून बसतं. बिअर खाली गळून जाते, खमीर वर राहतं. मग ते काढून घ्यायचं आणि पुढच्या हौदाला वापरायचं.

"पण हे खमीर आळशी असतं," काका सांगत. "चढायच्या आधीच झोपतं, गोळे होऊन तळाला बसतं. मग खालचं पाणी पंपाने वर घेऊन त्याच्या अंगावर ओतायचं. जागं करायचं. थोड्या वेळाने पुन्हा झोपतं, पुन्हा ओतायचं."

"मतलब, तुमच्यासारखंच," काकू म्हणायची.

साहेबाला असे हौद ग्वाल्हेरात करायचे होते. त्याच्या मुलखात पाटीच्या काळ्या दगडाचे हौद असत, तो दगड जहाजाने आणणं परवडेना. आपल्याकडे दगडाला काय तोटा आहे, सगळं गाव दगडाचं. त्याने इथल्याच फरशीचे हौद बांधून घेतले. पहिल्या हिवाळ्यात सगळा माल आंबट झाला, कारण आपला वालुकाश्म पाणी पितो आणि प्यालेलं पोटात नासवतो. मग आतून चुना आणि मेण घोटून घोटून लावलं, तेव्हा ते हौद चालायला लागले. जव चंबळच्या बाजूचे, पाणी विहिरीचं, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं विलायतेहून पोत्यांतून येणारी, आणि खमीर साहेबाने बरोबर आणलेलं. काम फक्त थंडीत चाले. उन्हाळ्यात खमीर शेजारच्या बर्फाच्या कोठीत झोपे, आणि काका त्याला जवाचं पाणी पाजून यायचे. साहेब गेला, त्याचं खमीर राहिलं. दुसऱ्या कुठल्या खमिराला त्या भोकातून वर चढणं जमत नाही, असं काका म्हणत. हे मेलं की हौद म्हणजे नुसते दगड, आणि काका म्हणजे दगडांवर पाणी ओतणारा माणूस.

मग संस्थान गेलं. मला आनंद झाला. फूलबागेतल्या सभेत मी पत्रकं वाटली, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. राजाच्या मर्जीवर चालणारं राज्य जायलाच हवं होतं, यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. मध्यभारत झाला. नव्या राज्याला दोन राजधान्या मिळाल्या. थंडीत सरकार ग्वाल्हेरात, उन्हाळ्यात इंदूरला. ऊन चढायला लागलं की कचेऱ्यांच्या फाइली पेट्यांत भरून गाडीत चढत आणि थंडी पडली की परत येत.

कारखान्याचा परवाना दरबारचा होता. दरबारच उरला नाही, तर परवाना कुणाचा? नवे नियम झाले नव्हते. ते होईपर्यंत कारखान्याला टाळं लावावं, असा हुकूम निघाला. टाळं लावायला आलेला अधिकारी सभ्य होता. त्याने लाखेचं सील लावलं ते कारखान्याला आणि बर्फाच्या कोठीलाही. काकांनी त्याला कोठीतल्या दोन बरण्या दाखवल्या. या बाहेर काढू द्या म्हणाले. अधिकाऱ्याने झाकण उघडून वास घेतला आणि मान मागे घेतली.

"ये पीने की चीज़ है?"

"नहीं साहब. ये तो बनाने वाला है."

अधिकाऱ्याने थोडा विचार केला. नियमात दारू होती, दारू बनवणाऱ्याबद्दल काही नव्हतं. "ले जाइए," तो म्हणाला. काका दोन बरण्या टांग्यात मांडीवर घेऊन घरी आले.

"पुढारीबाई," ते मला म्हणाले, "तुमचं राज्य आलं. आता माझं खमीर जगवा."

"दारू वाचवायला मी मदत करणार नाही."

"दारू कुठे आहे यात? जव खातं, श्वास टाकतं. बस."

मी खमिरासाठी गेले नाही. मी कचेरीत गेले ती अर्ज घेऊन, कारण माणसाचं म्हणणं न ऐकता त्याच्या कामाला टाळं लावणं मला राजाच्या हुकमापेक्षा वेगळं वाटलं नाही. बंद करायचं तर दारूबंदीचा कायदा करा, चर्चा करा, कामगारांना दुसरं काम द्या आणि मग बंद करा. मी पहिला हात वर करीन. असं सगळं मी अर्जात लिहिलं, मराठीतही आणि हिंदीतही. काकांनी वाचून पाहिलं. "यात माझी बाजू आहे की विरुद्ध बाजू आहे?" त्यांनी विचारलं.

कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, "फाइल तो इंदौर गई, बहनजी. सरकार के साथ. सर्दियों में आएगी."

बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. काका पायऱ्यांवर उभे राहिले आणि म्हणाले, "सर्दियों में."

ग्वाल्हेरचा उन्हाळा काय असतो, ते इथल्यांना सांगायला नको. एक बरणी आमच्या घरात ठेवली, धान्याच्या अंधाऱ्या खोलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून. दुसरी शेजारी दिली. शेजारचं घर जुन्या राजपुरोहितांचं. त्यांच्याकडे तळघर होतं, आणि तिथे जेठाच्या उन्हाळ्यातही अंगाला गार लागे. तिथल्या म्हाताऱ्या आक्कांनी बरणीकडे लांबून पाहिलं.

"बाटवणार तर नाही ना हे आम्हांला?"

"जव आणि पाणी आहे, आक्का," काका म्हणाले. "उपासाला चालणार नाही, एवढंच."

आक्कांना ते पटलं. काकांनी दोन्ही घरांत एकच सांगितलं: झाकण सैल ठेवा, मी पाणी घालायला येत जाईन, आपल्या मनाने काही करू नका.

आमची बरणी आधी गेली. आमच्या काकूच्या हाताखालून गेलेली प्रत्येक बरणी फडकं बांधून, दोरी आवळून, वर वरवंटा ठेवूनच कपाटात जाते. लोणच्याला तसंच लागतं. तिने खमिराचंही तसंच केलं. एका दुपारी सगळे आडवे झालेले असताना धान्याच्या खोलीत धडाका झाला. आम्ही धावलो. वरवंटा कोपऱ्यात, बरणीचे तुकडे पसरलेले, आणि वाळवून ठेवलेल्या पापडांवर फेस.

काकू दारात उभी राहिली. "झाकण सैल लागतं की घट्ट, हे आधी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं."

"तुम्ही सैल म्हणालात. सैल म्हणजे मुंग्या."

काका खाली बसून फरशीवरचं खमीर चमच्याने गोळा करायला लागले. त्यात माती होती, काचा होत्या. थोड्या वेळाने त्यांनी चमचा ठेवून दिला. "एक आहे अजून," ते म्हणाले. त्या दिवशी ते संध्याकाळच्या पाण्याची वाट न बघता तेव्हाच शेजारी निघाले. मीही गेले.

तळघरातली बरणी गप्प होती. बुडबुडा नाही, वास नाही. वर पिवळट पाणी, खाली गाळ. काकांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि जिन्याकडे बघत राहिले. आक्का वर बसून वाती वळत होत्या.

"आक्का, यात काही घातलंत का?"

"काही नाही हो. नासत चाललं होतं, बुडबुडे यायला लागले होते. तुम्हांला कुठे सांगत बसू म्हणून मूठभर मीठ टाकलं. तेव्हापासून अगदी शांत आहे." त्यांच्या आवाजात समाधान होतं. "नाहीतर गेलंच होतं तुमचं."

काकांनी बोट सदऱ्याला पुसलं. आक्कांनी विचारलं, "कमी पडलं का मीठ?" तेव्हा ते "नाही, पुरेसं झालं" म्हणाले आणि पायरीवर बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात त्या वेळी एकही पत्रक आलं नाही.

आक्कांची सून माझ्याच वयाची. ती मला पाणी द्यायच्या निमित्ताने आत घेऊन गेली आणि चुलीशी उभी राहून हळू बोलायला लागली.

"सासूबाईंना नाही सांगायचं, बरं का. मीठ घालायच्या आधी मी यातलं वाटीभर दिलं होतं."

"कुणाला?"

"दाल बाजारामागे बेकरी आहे ना, ते चाचा. आधी कारखान्यातून नेत होते पावासाठी. कारखाना बंद, म्हणून विचारत विचारत इकडे आले. दाराशी वाटी घेऊन उभे. आता विरजण मागायला आलेल्याला नाही कसं म्हणायचं? आईने शिकवलंय, विरजणाला नाही म्हणू नये, आपलंही धरत नाही मग." तिने दाराकडे पाहिलं. "हे विरजणच ना?"

"विरजणच," मी म्हणाले.

"घराबाहेर दिलं, आणि न विचारता दिलं, दोन्ही कळलं तर माझी काही धडगत नाही."

मी तिला शब्द दिला. त्या आक्का आता नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे. काकांना मी गल्लीत आल्यावर सांगितलं. ते चालायलाच लागले, उन्हात, डोक्याला काही न बांधता.

बेकरीवाले चाचा भट्टीजवळच्या मोरीत हात धूत होते. काकांनी विचारलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. "आपका ही तो है, साहब. कहाँ जाएगा?" त्यांनी कोपऱ्यातला माठ दाखवला. माठ ओल्या वाळूत पुरलेला होता, वर मलमल सैल टाकलेली. आत फेस हलत होता.

"खिलाते क्या हो?"

"आटा. थोड़ा गुड़."

काकांचा चेहरा पडला. कणीक, गूळ, भट्टीची ऊब. यॉर्कशरच्या आळशी जिवाला इतके दिवस असं वागवल्यावर तो तसाच राहिला असेल? पाव फुगवणं वेगळं आणि भोकातून वर चढणं वेगळं. "जिवंत आहे," काका मला म्हणाले, "पण आपलं आहे का, ते बघावं लागेल." चाचांनी वाटी भरून दिली आणि वर ताजे पाव दिले.

घरी काकूने स्वतःहून चूल पेटवली. मोड आणून वाळवलेले जव थोडे शिल्लक होते, ते भरडून पाण्यात उकळले, गाळले, निवू दिले. काकांनी एका डब्याच्या पत्र्याला मधोमध भोक पाडलं आणि तो पत्रा काचेच्या मोठ्या बरणीत गळ्याशी अडकवला. खाली जवाचं पाणी, वर रिकामी जागा. हौदाचं खेळणंच. त्यात चाचांचं खमीर सोडलं आणि आम्ही बसलो.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी वडील वर्तमानपत्र घेऊन तिथेच येऊन बसले, आणि पान उलटायला विसरले. सकाळी फेस आला, पण पत्र्याखालीच राहिला. मग बसायला लागला. काकांनी मला पळी दिली. "ओत याच्यावर. हळू."

मी खालचं पाणी पळीने काढून भोकातून पुन्हा आत ओतत राहिले.

"आज दारू केलीस तू," काका म्हणाले.

"दारू नाही. जव आणि पाणी."

"आक्कांना मी हेच सांगितलं होतं."

वडील म्हणाले, "तिला बोलू नका, पळी हलेल." हे दारूबंदीची पत्रकं वाटणारे माझे वडील.

दुपार कलली तेव्हा भोकातून एक पांढरट फुगवटा वर आला. कडेला टेकला, थांबला, मग पत्र्यावर उतरून पसरायला लागला. त्याच्यामागून आणखी आला. थोड्या वेळात पत्रा दिसेनासा झाला आणि त्यावर जाड, दाट साय बसली.

"चढलं," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावून बघितलं. काकू म्हणाली, "आता जेवून घ्या."

उरलेला उन्हाळा ते खमीर चाचांच्या माठातच राहिलं. आमच्या घरापेक्षा तिथे ते सुखी होतं, हे काकूनेही मान्य केलं. थंडी पडली, सरकार परत आलं, फाइल परत आली. काकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, आणि परवाना मिळाला. काही हिवाळे त्या दगडी हौदांत पुन्हा पाणी ओतलं गेलं. मी कारखान्याच्या फाटकावर जाऊन दारूबंदीची पत्रकं वाटली, काकांनी एक घेतलं आणि शुद्धलेखनाची चूक दाखवली.

आता राज्य पुन्हा बदललं आहे. मध्यभारत नकाशावर उरला नाही, राजधानी भोपाळला गेली, फाइली तिकडे गेल्या, आणि तिकडून त्या हिवाळ्यात परत येत नाहीत. नव्या नियमांना उघडे दगडी हौद चालत नाहीत, बंद धातूच्या टाक्या लागतात. मालकाने कारखाना विकला. हौदांची फरशी उखडून कुणाच्या अंगणात बसवली जाते आहे. काका बर्फाच्या कारखान्यात देखरेखीला जातात. दारू बनणं थांबलं, याचं मला दुःख नाही. पण ते थांबलं कसं, ते मला मान्य नाही. कुणी ठरवून, लोकांना विचारून बंद केलं नाही. दोन राज्यांच्या सांध्यात ते नुसतं पडून गेलं. काम शिकलेली माणसं मोकळी झाली, आणि त्यांना काय येतं, हे कुणी विचारायलाही आलं नाही.

खमीर मात्र अजून आहे. दाल बाजारामागच्या त्याच बेकरीत, वाळूत पुरलेल्या त्याच माठात. चाचा थकले आहेत. त्यांच्या मुलाला डब्यातली खमिराची पावडर सोयीची वाटते, आणि त्याचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. या थंडीनंतर माठ राहील की नाही, सांगता येत नाही.

म्हणून तुम्ही लष्करात राहत असाल, तर या आठवड्यात वाटी घेऊन तिकडे जा. सकाळी जा, भट्टी पेटायच्या आधी. चाचा नाही म्हणत नाहीत. दारू करू नका. पाव करा, नान करा, काहीच करायचं नसेल तर नुसतं जवाचं पाणी घालून गार जागी ठेवा. झाकण सैल राहू द्या. काकांना तुमची बरणी बघायला यायचं असेल, तर येऊ द्या.